मूळपुरुष, मूळमाता आणि 'ख्रिस्तपुराण' : आदिदांपत्याच्या कथेचे एक वाचन

१

पदव्युत्तर वर्गात प्राचीन मराठी वाङ्मय शिकवताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'शी एकदा तरी गाठ पडतेच. चर्चा बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. एका इंग्रज जेझुइटाने मराठी ओवी रचली याचे नवल, त्याच्या भाषेतील कोंकणीची छटा, वारकरी-महानुभाव परंपरांशी असलेले साधर्म्य, रोमन लिपीचा प्रश्न : एवढे झाले की तास संपतो. काही दिवसांपूर्वी मात्र ही वाट मोडली. तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळी करून एम. ए. करणारा एक विद्यार्थी, जो मुळात जीवशास्त्राचा पदवीधर आहे, त्याने सरळ विचारले, "सर, ही आदाम-हव्वेची कथा खरी धरून वाचायची, की परीक्षेपुरती?" वर्गात हशा पिकला. वसईकडची एक कॅथलिक विद्यार्थिनी मात्र हसली नाही. तास संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "माझी आजी आदामाला गोष्टीतला माणूस मानत नाही. घरातला मानते."

प्रस्तुत लेख या दोन वाक्यांमधून निघाला आहे. पहिले वाक्य सत्याविषयी आहे, दुसरे नात्याविषयी. ही दोन्ही एकाच संहितेला विचारली जातात, आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या आड येतात असे आपण सहसा गृहीत धरतो. मानवाच्या जनुकीय विविधतेचा अभ्यास गेल्या चार दशकांत ज्या ठिकाणी पोहोचला आहे ते पाहता, साऱ्या मानवजातीचा उगम एकाच दांपत्यात आहे या ख्रिस्ती श्रद्धेची त्याच्याशी सांगड घालता येईल काय, हा वरवर धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. तो साहित्यसमीक्षेचाही आहे, कारण त्याच्या मुळाशी 'वंशावळ कशी वाचावी' हा वाचनाचा प्रश्न आहे. आणि प्रस्तुत लेखक राहतो त्या सालवडसारख्या गावी तो निव्वळ पुस्तकी राहत नाही. एका अंगाला वारली पाडे, किनाऱ्याकडे मांगेला, भंडारी आणि वाडवळ यांची वस्ती, औद्योगिक वसाहतीच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार, आणि दक्षिणेस वसईपर्यंत गेलेली ख्रिस्ती गावे. ही सारी माणसे एकमेकांची कोण, याचे उत्तर येथे रोज द्यावे लागते. घर भाड्याने देताना आणि सोयरीक जुळवताना तर विशेषच.

२

प्रथम जनुकशास्त्राचे म्हणणे नीट समजून घ्यावयास हवे. ते समजून घेण्यासाठी मराठीतील एका उपेक्षित वाङ्मयप्रकाराचा चांगला उपयोग होतो. तो प्रकार म्हणजे कुलवृत्तान्त. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त सिद्ध केले. त्यांच्या आरंभी एक 'मूळपुरुष' असतो. हा मूळपुरुष जगातला पहिला माणूस नसतो. त्याला आईबाप होते, शेजारीपाजारी होते. ज्याच्या अलीकडची साखळी जोडता येते असा तो पहिला ज्ञात पुरुष, इतकेच. शिवाय त्याच्यापासून आपल्यापर्यंत येणारी रेघ ही बापाकडून मुलाकडे जाणारी एकच रेघ आहे. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येक व्यक्तीच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. कुलवृत्तान्त त्यांतील एका जागेवरच्या पुरुषाला 'आपला' म्हणतो आणि उरलेल्या १,०२३ जागांविषयी मौन बाळगतो. लग्न होऊन गेलेल्या मुलींची संतती त्यात येत नाही. सुनांची माहेरे नावापुरती येतात.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते. त्याच्या आधारे काढलेली वंशावळ ही हुबेहूब कुलवृत्तान्ताच्या रीतीची असते. पेशीतील तंतुकणिकांचे जनुकद्रव्य याउलट आईकडून येते. त्याची वंशावळ म्हणजे आईचे माहेर, आजीचे माहेर, पणजीचे माहेर अशी मागे जाणारी रेघ. १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की आज हयात असलेल्या सर्व माणसांच्या या मातृरेषा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी बहुधा आफ्रिकेत राहणाऱ्या एका स्त्रीपाशी मिळतात. प्रसिद्धिमाध्यमांनी तिला 'हव्वा' हे नाव दिले आणि पुढे वाय गुणसूत्राच्या मूळपुरुषाला 'आदाम'. हे नामकरण हा वाङ्मयीन दृष्टीने एक रूपकाचा अपघात होता. ही स्त्री एकटी नव्हती. तिच्या काळी इतर असंख्य स्त्रिया होत्या. त्यांच्या मुलींच्या मुलींची साखळी कोठे ना कोठे तुटली, पण त्यांच्या मुलग्यांमार्फत त्यांचेही जनुकद्रव्य आपल्यात आहे. तो 'आदाम' आणि ती 'हव्वा' हे पतिपत्नी होते असे मानण्यास काहीही आधार नाही. ती एक मूळमाता व तो एक मूळपुरुष, म्हणजे दोन वेगळ्या कुलवृत्तान्तांची दोन पहिली पाने होत.

दांपत्याचा खरा प्रश्न संख्येचा आहे. माणसाजवळ बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. म्हणजे एका जोडप्याजवळ एका जनुकाची जास्तीत जास्त चार रूपे असू शकतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीशी निगडित अशा काही जनुकांची मात्र मानवजातीत आज शेकडो रूपे आढळतात, आणि त्यांतील काही रूपांचे घराणे मानव व चिंपांझी यांच्या फाट्याहून जुने आहे. १९९५ साली फ्रान्सिस्को आयाला यांनी 'सायन्स'मध्ये अशाच एका जनुकाच्या आधारे असे प्रतिपादिले की मानवाच्या पूर्वजांची संख्या दोन इतकी कधीच खाली आली नसावी. हे आयाला स्वतः पूर्वाश्रमीचे डोमिनिकन धर्मगुरू, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. त्यांच्या हिशेबाला पुढे छेद गेला. या जनुकाची बरीचशी रूपे त्यांनी मानली त्यापेक्षा पुष्कळ अलीकडे निर्माण झाली आहेत, असे १९९८ च्या एका संशोधनाने दाखवले. परंतु नंतर संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनावरून काढलेले अंदाज वेगळ्या मार्गाने त्याच दिशेला गेले. २०११ साली हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी युरोपीय व चिनी वंशाच्या लोकांच्या पूर्वजांची परिणामी लोकसंख्या हिमयुगाच्या काळात सुमारे १,२०० पर्यंत खाली आली असावी असे दाखवले. २०२३ साली मानवाच्या पूर्वजांवर सुमारे नऊ लाख वर्षांपूर्वी १,२८० प्रजननक्षम व्यक्तींपर्यंत आकुंचन पावण्याची पाळी आली होती असा दावा पुढे आला. तो वादग्रस्त आहे. परंतु तो स्वीकारला तरी १,२८० म्हणजे दोन नव्हेत.

काही ख्रिस्ती अभ्यासकांनी गणिताने असेही दाखवले आहे की पाच लाख वर्षांइतके किंवा त्याहून मागे गेल्यास एका दांपत्यापासून आजची विविधता उद्भवणे अशक्य ठरत नाही. हा मुद्दा विज्ञानाच्या मर्यादेचा म्हणून मान्य केला तरी वाचकापुढे वेगळीच अडचण उभी राहते. 'उत्पत्ती'मधील आदाम जमीन कसतो. त्याचा एक मुलगा शेतकरी आहे, दुसरा मेंढपाळ. काइन नगर वसवतो आणि त्याच्या वंशात तांब्यालोखंडाचा कारागीर जन्मतो. हे सारे विश्व शेती सुरू झाल्यानंतरचे, म्हणजे फार तर दहा-बारा हजार वर्षांचे आहे. जनुके ज्या काळात एका दांपत्याला जागा देऊ शकतात त्या काळात ही कथा घडू शकत नाही, आणि ही कथा ज्या काळात घडू शकते त्या काळात जनुके दांपत्याला जागा देत नाहीत. सांगड घालू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही पेचाची जागा ओलांडावी लागते.

३

ती ओलांडण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या 'ह्युमानी जेनेरिस' या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी चर्चेला मोकळीक दिली, परंतु मानवाचा उगम अनेक आदिपूर्वजांत मानणारे मत मूळपापाच्या सिद्धान्ताशी कसे जुळवावे हे दिसत नाही, असे म्हणून त्या मताला आवर घातला. 'जुळत नाही' आणि 'कसे जुळवावे हे दिसत नाही' यांतील फरक धर्मशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटला नाही. प्रारंभी एकदांपत्यवादाची बाजू मांडणारे कार्ल राहनर यांनी पुढे आपले मत बदलले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने पतनाची कथा प्रतिमांच्या भाषेत सांगितलेली असली तरी ती इतिहासारंभीच्या एका खऱ्या घटनेकडे निर्देश करते, अशी मधली भूमिका घेतली.

अलीकडचा सर्वांत चतुर प्रयत्न जोशुआ स्वामीदास या संगणकीय जीवशास्त्रज्ञाचा आहे. 'द जीनिऑलॉजिकल अॅडम अँड ईव्ह' (२०१९) या ग्रंथात ते जनुकीय पूर्वज आणि वंशावळीतील पूर्वज यांत भेद करतात. आपल्या दूरच्या पूर्वजांपैकी बहुतेकांचा एकही जनुकीय तुकडा आपल्यापर्यंत आलेला नसतो. तरी ते आपले पूर्वज असतातच. २००४ साली डग्लस रोड, स्टीव्ह ओल्सन आणि जोसेफ चँग यांनी गणिताने दाखवले होते की आज हयात असलेल्या सर्व माणसांचा सामाईक पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांमागे होऊन गेला असण्याचा संभव आहे. तेव्हा एखादे दांपत्य अलीकडच्या काळातले असूनही, त्यांच्याभोवती इतर माणसांची वस्ती असूनही, साऱ्या जगाचे पूर्वज ठरू शकते. जनुकशास्त्र त्याला हरकत घेऊ शकत नाही, कारण ते जनुकांवर मागमूसच सोडत नाही.

कुलवृत्तान्ताच्या वाचकाला हा युक्तिवाद पटायला वेळ लागत नाही. तो तर्कदृष्ट्या निर्दोष आहे असेही म्हणता येईल. परंतु कथनाच्या अंगाने पाहता त्याने एक नवे पात्र कथेत आणले आहे, आणि समीक्षकाने त्या पात्राकडे पाहिले पाहिजे. ते पात्र म्हणजे बागेबाहेरची माणसे. आदामाच्या संततीशी ज्यांची सोयरीक अजून झालेली नाही अशी ही माणसे काही शतके वा सहस्रके जगतात आणि मरतात. ती शरीराने व बुद्धीने आपल्यासारखीच आहेत, आणि त्यांचे माणूसपण स्वामीदास आग्रहाने मान्य करतात. पण मूळकथेच्या करारात ती नाहीत. ती कथेची कोण?

हा प्रश्न नवा नाही. १६५५ साली इझाक ला पेरेर याने आदामापूर्वीही माणसे होती, आदाम हा केवळ यहुद्यांचा मूळपुरुष, असे प्रतिपादन केले. काइनाला बायको कोठून मिळाली, त्याला कोणाच्या हातून मारले जाण्याची भीती वाटत होती, ही 'उत्पत्ती'तील जुनी कोडी त्याने त्यामुळे सोडवली. त्याला अटक झाली आणि मत मागे घ्यावे लागले. त्याचा हेतू कोणाला हीन लेखण्याचा नव्हता. तरीही एकोणिसाव्या शतकात हीच कल्पना काळ्या माणसांना आदामाच्या वंशातून वगळण्यासाठी वापरली गेली. अमेरिकेतील अलेक्झांडर विंचेल यांचा १८८० चा ग्रंथ त्याचा नमुना होय. दोन उगम मानले की एक वरचा आणि एक खालचा मानण्याचा मोह दूर नसतो. हे आपल्याला युरोपकडून शिकण्याची गरज नाही.

४

येथे 'ख्रिस्तपुराणा'कडे परत यावयास हवे. स्टीफन्स (१५४९–१६१९) १५७९ साली गोव्यात आले. त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याची पुनर्मुद्रणे झाली. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ग्रंथ देवनागरीत आणला. मूळ पोर्तुगीज शीर्षकात 'प्रवचन' अशा अर्थाचा शब्द होता. संहितेचे दोन भाग मात्र 'पहिले पुराण' आणि 'दुसरे पुराण' म्हणवतात. ३६ अवस्वरांच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती, आदिदांपत्याचे पतन व जुन्या कराराची कथा येते. ५९ अवस्वरांच्या दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. आरंभी साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काहीतरी द्या. सारा ग्रंथ या मागणीचे उत्तर आहे.

पुराणाची पाच लक्षणे परंपरेने सांगितली आहेत : सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरे आणि वंशानुचरित. यांतील पहिले लक्षण 'सृष्टी कशी झाली' हे सांगते, तिसरे 'कोण कोणाचा' हे सांगते. आपल्या पुराणांत सर्ग अनेक असतात. एकाच पुराणात दोन वेगळे उत्पत्तिवृत्तान्त शेजारी नांदतात आणि श्रोता अस्वस्थ होत नाही. 'उत्पत्ती'च्या पहिल्या व दुसऱ्या अध्यायांतही निर्मितीचे दोन वृत्तान्त आहेतच. तेव्हा एक सोपी वाट अशी दिसते की स्टीफन्स यांनी पुराण हा प्रकार स्वीकारला, म्हणून त्यांची आदिदांपत्याची कथा पुराणासारखी, म्हणजे तिच्या शब्दशः सत्याचा आग्रह न धरता वाचावी. मग जनुकशास्त्राशी वाद उरतच नाही.

ही वाट मी काही वर्षे वर्गात सांगत आलो. आज ती मला अपुरी वाटते, किंबहुना थोडी अप्रामाणिक वाटते. स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट घेतला, त्याची सहिष्णुता घेतली नाही. त्यांची कथा इतर सर्गांच्या शेजारी बसण्यासाठी आलेली नाही. ती त्यांची जागा घेण्यासाठी आली आहे. १६२९ साली एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्रुसावर जे मराठी काव्य छापले त्यात हिंदू पुराणकथांचे खंडन उघडच आहे. हे ग्रंथ ज्या काळात सिद्ध झाले तो काळ गोव्यात देवळे पाडली जाण्याचा आणि जुन्या पोथ्यांवर बंदी येण्याचा होता. अशा संहितेला 'पुराणच ते' म्हणून सैल सोडणे म्हणजे तिच्या कर्त्याचा आणि तिच्या श्रोत्यांचाही शब्द हलका करणे होय. वसईची ती आजी आदामाला घरातला मानते, ते प्रतीक म्हणून नव्हे.

मग 'वंश' या लक्षणाकडे वळावे लागते. वंश कशासाठी सांगतात? आपल्याकडे गोत्र सांगतात ते ऋषीशी रक्ताचे नाते सिद्ध करण्यासाठी नव्हे. ते सोयरीक कोठे करावी आणि कोठे करू नये हे ठरवण्यासाठी. सुतक कोणाचे पाळावे, पिंड कोणी द्यावा, वतनावर हक्क कोणाचा, या प्रश्नांसाठी वंशावळ लागते. वंशावळीचे वाक्य माहितीपर दिसते, पण त्याचे काम बंधन घालण्याचे आहे. 'अमका माझा भाऊ' हे म्हणताना मी एक गोष्ट कळवतो आणि त्याच वेळी एक जबाबदारी पत्करतो. दत्तकपुत्राच्या बाबतीत तर रक्त नसूनही वंश पुरा होतो, आणि त्याला खोटा म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही.

या अर्थाने आदिदांपत्याची कथा म्हणजे साऱ्या मानवजातीला एकच गोत्र देणे होय. एकच गोत्र झाले की सगोत्र विवाहाची अडचण आपोआप उभी राहते, आणि काइनाच्या बायकोचे कोडे हे त्या अडचणीचेच दुसरे नाव आहे. कथा ती सोडवत नाही. ती तिथेच ठेवून पुढे जाते, कारण तिला सांगायचे आहे ते काइनाच्या लग्नाविषयी नसून त्याच्या खुनाविषयी आहे : पहिला मारला गेलेला माणूस भाऊ होता, आणि भाऊ कोठे आहे हे विचारले जाणारच.

५

साष्टीच्या श्रोत्यांच्या कानांवर ही कथा कोरी पडली नाही. त्यांना दुसरा एक उगम ठाऊक होता : पुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून झालेली चार वर्णांची उत्पत्ती. या दोन कथांतील फरक देवांच्या नावांचा नाही. एकीत सारी माणसे एका आईच्या पोटची आहेत. दुसरीत ती एका देहातली आहेत, पण जन्मतःच वेगळ्या उंचीवरची. पुराणाचा परिचित घाट घेऊन नेमका हाच बदल स्टीफन्स यांच्या ओवीने श्रोत्यांच्या मनात रुजवायला हवा होता.

तो रुजला काय? गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्दो आणि सुदिर हे भेद टिकले. धर्मबंधूंच्या संघांतही ते शिरले आणि सोयरिकी तर त्यांच्या आतच होत राहिल्या. आपल्या उत्तर कोकणातही ख्रिस्ती समाजाची ओळख सामवेदी, वाडवळ, कोळी अशी पूर्वीच्याच नावांनी दिली जाते. चर्चमध्ये आदामाची कथा ऐकावी आणि स्थळ मात्र आपल्यात पाहावे, हा परिपाठ झाला. यात ख्रिस्ती समाजाला वेगळा दोष देण्याचे कारण नाही. या भूमीवर आलेल्या प्रत्येक समतेच्या कथेची हीच गत झाली आहे.

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'चा (१८७३) आरंभ याच जागेवर केला. ब्रह्म्याच्या अवयवांतून चार वर्ण निघाले असतील तर इंग्रजादी लोकांची उत्पत्ती कोठून, असा प्रश्न विचारून संवाद सुरू होतो आणि त्या उत्पत्तिकथेची जीवशास्त्रीय चेष्टा करीत पुढे सरकतो. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांना आदामाची कथा माहीत नव्हती असे नाही. तरीही त्यांनी एका उत्पत्तिकथेच्या जागी दुसरी बसवली नाही. मरणोत्तर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी निर्मिकाची साऱ्या माणसांची भावंडे कल्पिली आणि एकाच घरात नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांनी निरनिराळे धर्म पाळून प्रेमाने राहावे असे चित्र काढले. पहिले दांपत्य मागे शोधण्याऐवजी त्यांनी कुटुंब पुढे ठेवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात तर उगमाचा प्रश्नच बाजूला सारला. भारतातील लोक मिश्र वंशाचे आहेत हे मान्य करून, जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे असे त्यांनी दाखवले. इरावती कर्वे यांनीही १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : अॅन इंटरप्रिटेशन'मध्ये, एका नावाखाली येणाऱ्या जाती एका मुळापासून फुटलेल्या नसून अनेक मुळांचे समूह असू शकतात असे मांडले.

या पार्श्वभूमीवर २०१३ साली प्रिया मूरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन वाचण्याजोगे आहे. भारतीय उपखंडातील ७३ गटांच्या जनुकद्रव्याचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील दोन मोठ्या पूर्वजसमूहांची व्यापक सरमिसळ झाली. तिच्यातून जवळपास कोणताही गट सुटला नाही. त्यानंतर ती सरमिसळ ओसरली आणि गट आपापल्यात बंद झाले. म्हणजे आपल्या देहांत दोन वृत्तान्त लिहिलेले आहेत : आधी सर्वांनी सर्वांशी सोयरीक केली, मग दारे लावून घेतली. पहिला वृत्तान्त आदामाच्या कथेच्या बाजूने साक्ष देतो असे कोणी म्हणू नये. तो एका दांपत्याचा नाही, तो गर्दीचा आहे. पण तो एका रक्ताचा आहे. दुसरा वृत्तान्त मात्र आदामाच्या कथेवर विश्वास ठेवणाऱ्यांनीही आपल्या हाताने लिहिला आहे.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जनुकीय विविधता आणि आदिदांपत्य यांची सांगड घालता येते काय? सारी मानवजात केवळ दोघांपासून, आणि तीही शेतीच्या युगात, निर्माण झाली असा दावा असेल तर ती घालता येत नाही; तसे स्पष्ट सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. अनेकांत राहणारे एक दांपत्य साऱ्यांचे पूर्वज ठरू शकते, ही शक्यता विज्ञान नाकारत नाही; पण ती स्वीकारणाऱ्याने बागेबाहेरच्या माणसांचा जाब आधी द्यावा. मूळपापाचा सिद्धान्त एका दांपत्याविना कसा उभा राहील हे ठरवण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. परंतु श्रद्धावंताला येथे काही गमवावे लागते, आणि 'ते रूपकच होते' असे म्हणून त्याची समजूत काढणे हे त्याच्या दुःखाला न ओळखणे आहे, एवढे समीक्षकाने जाणले पाहिजे.

समीक्षकाचे म्हणणे इतकेच, की या कथेची कसोटी एकट्या भूतकाळात घेता येत नाही. वंशावळीचे वाक्य खरे की खोटे हे काही अंशी ते उच्चारणारा पुढे काय करतो यावर ठरते. 'ख्रिस्तपुराणा'तील आदिदांपत्य जनुकशास्त्राने पहिल्यांदा संकटात आणले असे समजणे ही आपली कालविषयक चूक आहे. ते साष्टीतच संकटात आले होते, ज्या दिवशी ओवी ऐकून उठलेल्या दोन माणसांनी एकमेकांच्या घरी मुलगी द्यायला नकार दिला त्या दिवशी.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला सांगितले की कथा खरी धरून वाच, पण कशाविषयी खरी हे आधी संहितेला विचार. त्याला उत्तर पुरते पटले नाही. ते बरेच झाले. विद्यार्थिनीने मात्र एक दुरुस्ती सुचवली. तिच्या म्हणण्याप्रमाणे आजी आदामाला घरातला मानते हे खरे. पण गेल्या वर्षी धाकट्या काकाने दुसऱ्या ख्रिस्ती जातीतली मुलगी आणली तेव्हा तीच आजी तीन महिने त्याच्याशी बोलली नव्हती. "आता बोलते," ती म्हणाली. "नातवंडाचं नाव तिनंच ठेवलं." मूळपुरुषाची कथा अशा ठिकाणी नव्याने सुरू होते. तेथे ती वाचायला आपण शिकलो तर 'ख्रिस्तपुराण' अभ्यासक्रमात असण्याला काही अर्थ राहील.